एक पान कमी

वागळे इस्टेटमध्ये माझा जाळीचा गाळा आहे. मशीन एका बाजूने तार गिळतं आणि दुसऱ्या बाजूने शंकरपाळ्यांची माळ काढावी तशी जाळी बाहेर टाकतं. ती टेम्पोत घालायची, लोखंडी एंगलचे खांब घ्यायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल तिथे जाऊन कुंपण उभं करून द्यायचं, हा माझा तीस वर्षांचा धंदा. गिऱ्हाईक कुठलंही असो, बोलणं एकच असतं. कोणी आत येता कामा नये. सोसायटीला बाजूच्या चाळीतली पोरं नको असतात, फार्महाऊसवाल्याला गावातली गुरं नको असतात, शाळेला भटकी कुत्री नको असतात. मी त्यावर एक शब्द बोलत नाही. किती उंची, तार किती गेजची म्हणजे किती जाड, एवढंच विचारतो. स्वभावाने मी तापट आणि जिभेने तिखट आहे, पण गाळ्यात बसलो की तोंडाला कुलूप लावायला शिकलोय.

काही वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, गाळ्यात एक पोरगी आली. हातात प्लास्टिकची फाईल, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. कल्याणच्या पुढे मलंगगडाच्या बाजूला ठाकरांचा एक पाडा आहे, तिथली. पाड्यात कॉलेजला गेलेली ती पहिलीच. तिच्या मागे चाळिशीचा एक माणूस होता. तो दारातच उभा राहून माझ्या मशीनकडे बघत होता.

"दादा, आमच्या माळाला रस्त्याच्या बाजूने जाळी लावायची आहे," ती म्हणाली. "पाऊस यायच्या आत."

माळ कुणाच्या नावावर आहे, असं मी विचारलं. जागा भलत्याच्याच नावाची असते आणि मग पोलीस माझे खांब उपटायला लावतात, असं दोनदा घडलंय. तिने फाईल उघडून कागद पुढे केला. सरकारी शिक्का होता, सही होती, आणि मालकाच्या जागी कुणा एकाचं नाव नव्हतंच. जमीन अख्ख्या पाड्याची होती. घरं, लेकरं, म्हातारीकोतारी, सगळ्यांची मिळून.

अडचण अशी होती की शहरात जुन्या इमारती पाडून नव्या उठत होत्या, आणि पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज टाकायला कुणालातरी हा माळ सापडला होता. डंपर यायचे, रस्त्याच्या कडेने माळावर चढायचे आणि विटा, टाइल्स, फुटके संडास उलटे करून जायचे. नंबर प्लेटी चिखलाने माखलेल्या. तक्रारी करून झाल्या होत्या. माळावरच्या गवतावर पाड्याची गुरं जगायची. माळाच्या खालच्या अंगाला एक झिरा होता, म्हणजे जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याचा खड्डा, आणि मे महिन्यात तेवढंच प्यायचं पाणी. ढिगारे त्या झिऱ्याकडे सरकत चालले होते. पाऊस लागला असता तर ती सगळी घाण वाहून झिऱ्यात बसली असती, आणि पावसात खड्डे पाडून काँक्रीट भरता येत नाही. म्हणजे हातात महिना होता, फार तर सव्वा महिना.

शुक्रवारी इस्टेटला सुट्टी असते. मी दोन कामगार आणि टेम्पोभर माल घेऊन पाड्यावर पोचलो. आज आखणी करू, उद्यापासून खड्डे, असा हिशेब. पण तिथे कोणी पहार घेऊन उभं नव्हतं. सगळा पाडा मोहाच्या झाडाखाली बसला होता. मधे जमीन सारवून ठेवलेली, आणि तिच्यावर पळसाची पानं ओळीने मांडलेली. प्रत्येक पानावर एक खडा, वाऱ्याने उडू नये म्हणून.

पोरीने मला सांगितलं की माळावर काहीही करायचं असलं, झाड तोडायचं असो की गवत कापायला सुरुवात करायची असो, आधी घरटी एक पान मांडलं जातं. पान मांडलं म्हणजे त्या घराचा होकार. सगळी पानं आली की काम सुरू.

"आणि नाही आली तर?"

"तर नाही."

"म्हणजे एक जरी घर नाही म्हणालं तरी?"

"हो."

मला हसू आलं. म्हटलं, अगं, मग मतदान घ्या ना. हात वर करा, मोजा, विषय संपवा. ती म्हणाली, "मतदानात कोणीतरी हरतं ना दादा. हरलेलं घर मग ह्याच माळावर गुरं घेऊन कुठल्या तोंडाने येणार?" हे तिने मला शिकवायला म्हणून सांगितलं नाही. टेप किती मीटरची आहे हे सांगावं तसं सांगितलं.

त्या दिवशी एक पान कमी पडलं.

पान एका म्हातारीचं होतं. एकटी राहायची, पाड्याच्या टोकाच्या झोपडीत. सगळ्या पंचक्रोशीची सुईण होती ती, हात थरथरायला लागेपर्यंत. पान तिच्या मांडीवरच होतं आणि ती ते खाली ठेवत नव्हती.

"पल्याडच्या वाडीतल्या बाया कुठशी येतील?" तिने विचारलं.

रस्त्याच्या पलीकडे कातकऱ्यांची वाडी होती. त्यांच्याकडे स्वतःच्या पायाखालची जमीनसुद्धा नव्हती. त्यांच्या बाया रोज रस्ता ओलांडून, माळ तुडवून झिऱ्यावर पाण्याला आणि पुढे डोंगरात लाकडाला जायच्या. माझं कुंपण रस्त्याच्या कडेने जाणार होतं, म्हणजे बरोबर त्यांच्या वाटेवरून.

गाळ्यात आलेला तो चाळिशीचा माणूस म्हणाला, "पाड्याकडनं फाटक ठेवनार ना. तिकडनं येऊ दे."

"पाड्यातनं? तुझ्या अंगणातनं?" म्हातारी म्हणाली. "येऊ देशील?"

मी ठाण्यात जन्मलो, वाढलो. माझ्या लेखी हे सगळे एकच, आदिवासी. तिथे बसल्यावर कळलं की ठाकरांच्या घरात कातकऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही, आणि कातकरी पाड्यातून जाताना अंग चोरून जातात. म्हातारीच्या प्रश्नाने सगळ्यांच्या माना खाली गेल्या, पण कोणी "येऊ देऊ" असंही म्हणालं नाही. थोड्या वेळाने सगळे उठले. पानं तशीच राहिली.

मी टेम्पोपाशी येऊन आरडाओरडा केला. माल पडून, कामगार बसून, डोक्यावर पाऊस, आणि एका म्हातारीपायी सगळं अडलेलं. पोरगी शांतपणे म्हणाली, "माल राहू दे दादा. कोणी हात लावणार नाही." आणि खरंच, पुढचे आठ-दहा दिवस माझ्या जाळीचे रोल मोहाखाली पडून होते आणि त्यांच्यावर फक्त कोंबड्या बसत होत्या.

त्या दिवसांत मी दोनदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा नवा ढिगारा पडला होता, आधीच्या सगळ्यांपेक्षा झिऱ्याच्या जवळ. आता म्हातारीची खैर नाही असं मला वाटलं. आमच्या कळव्याच्या सोसायटीत लिफ्टच्या कामाला एकाने विरोध केला, तर दोन वर्षं त्याच्याशी जिन्यात कोणी बोललं नव्हतं. त्याच्या दारावरचं तोरणसुद्धा कुणीतरी ओढून टाकलं होतं. त्या हिशेबाने मी म्हातारीच्या झोपडीकडे बघितलं, तर छपरावर तीन पुरुष चढलेले. म्हटलं, झालं, घर उतरवतायत. जवळ जाऊन बघतो तर ते तिचं छप्पर पावसासाठी शाकारून देत होते. त्यात तो चाळिशीचा माणूसही होता, ज्याला तिने चारचौघांत गप्प केलं होतं. खालून एक बाई तिच्यासाठी भाकरी घेऊन आली. मी तिथेच उभा राहिलो. ह्या बाईमुळे ह्यांचं पाणी जायची वेळ आली होती आणि हे तिच्या डोक्यावर पेंढा घालत होते.

तरी माझा पारा उतरला नव्हता. दुसऱ्या खेपेला मी सरळ तिच्या अंगणात गेलो. ती शिंदीच्या पानांचा झाडू बांधत बसली होती.

"आजी, तुमच्या एका पानापायी अख्खा माळ जाईल."

"भांड माझ्याशी," ती म्हणाली. "भांडून मोकळा हो."

मी भांडलो. म्हटलं, बाकीची सगळी घरं वेडी आहेत का? पाणी गेलं तर त्या वाडीलाही मिळणार नाही. कोणाचं भलं करताय तुम्ही? ती झाडू बांधत राहिली. माझं संपल्यावर तिने सुंभाची गाठ दातांनी ओढली आणि उठली. "चल," म्हणाली.

भर दुपारी आम्ही माळावरच्या त्या वाटेने निघालो. वाट म्हणजे पायांनी झिजून झालेली एक पांढरी रेघ, एका माणसापुरती. समोरून डोंगराकडून एक कातकरी बाई येत होती, डोक्यावर लाकडांची मोळी. आम्ही दिसताच ती वाट सोडून बाजूला उतरली. उतरली म्हणजे करवंदीच्या जाळीतच, अनवाणी, डोक्यावरचं ओझं तसंच. ठाकर समोरून आले की वाट द्यायची, हे तिच्या पायांनाच माहीत होतं.

आणि मग म्हातारीही वाट सोडून खाली उतरली, दुसऱ्या बाजूला. दोघी दोन बाजूंना काट्यांत उभ्या, आणि मधे रिकामी वाट. कोणी पुढे जाईना. मी त्या रिकाम्या वाटेवर एकटा खुळ्यासारखा उभा होतो. शेवटी मीही खाली उतरलो. पँटला काटे लागले.

म्हातारी तिला म्हणाली, "जा तू. तुझ्या डोक्यावर ओझा हाय." ती बाई खूप वेळ थांबली. मग वाटेवर चढली आणि आमच्यामधून पुढे गेली. जाताना तिने मान खाली घातली नाही, एवढं मला आठवतं, कारण डोक्यावर मोळी असली की मान खाली घालताच येत नाही.

ती दूर गेल्यावर म्हातारी म्हणाली, "हिला मीच काढलीय. तिच्या दोघा भावांनापन. बाळंतीण अडली की वाडीवाले मला न्यायला यायचे, मी जायची. परत आली की आमची मानसं मला दाराबाहेर आंघोळ करायला लावायची. मी करायची." मग पायातला काटा काढत ती म्हणाली, "मला आता लाज वाटते रे. ती वाट तेवढी त्यांची हाय. तीपन काढून घ्यायची, नि वर माझं पान घालायचं?"

मी तिच्याशी जे काही तावातावाने बोललो होतो, त्यातलं एकही वाक्य मला आता तिच्यासमोर परत म्हणता आलं नसतं.

पुढच्या बैठकीच्या दिवशी मी पोचलो तर तो चाळिशीचा माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेलेला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. कातकरी वाडीतून चार-पाच बायका आणि दोन म्हातारे घेऊन तो परत आला. ते आले आणि मोहापासून लांब, उन्हात बसले. सावलीत या असं त्यांना कोणी म्हणालं नाही, आणि म्हटलं असतं तरी ते आले नसते.

म्हातारी उठली, आपलं पान घेऊन त्यांच्यात जाऊन उन्हात बसली. मग तिच्या मागून ती फाईलवाली पोरगी गेली. मग तिची आई. उन्हात एवढ्या लोकांना बसवायचं कसं, असा प्रश्न पडल्यासारखं सावलीतल्या लोकांनी इकडेतिकडे बघितलं आणि सरकायला सुरुवात केली. एक घर सरकलं, दुसरं सरकलं, पोरं मांडीवर घेतली गेली, आणि झाडाखाली जागा झाली. कोणी भाषण केलं नाही. मी टेंभी नाक्याच्या गर्दीत लहानाचा मोठा झालोय, हंडीचे थर लागताना पाहिलेत; पण माणसं अशी एकमेकांसाठी जागा करताना मी कधी पाहिली नव्हती.

वाटेवर भेटलेल्या त्या मोळीवाल्या बाईपुढे कुणीतरी पळसाचं पान ठेवलं.

"आमचापन?" तिने विचारलं.

"घरटी एक," म्हातारी म्हणाली.

बाईने पान उचललं नाही. म्हणाली, अर्धी वाडी वीटभट्टीवर गेलीय, त्यांचं मी कसं सांगू? मग पोरीने फोन काढला. भट्टीवर एकाकडे फोन होता. स्पीकरवर टाकून तिने कुंपणाची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, वाट मोकळी ठेवू हेही सांगितलं. पलीकडून विटांच्या खडखडाटात एकेक आवाज यायचा, "हो," "बरा," "वाट ऱ्हायली म्हणजे झाला," आणि इकडे एकेक पान मांडलं जायचं. शेवटी म्हातारीने आपलं पान ठेवलं आणि वर खडा ठेवला.

मी सुटकेचा श्वास सोडून उठलो, तर ती माझ्याकडे बघत होती.

"तुझा?"

"मी कंत्राटदार आहे आजी. माझा काय संबंध?"

"खड्डा तूच पाडनार ना?"

तीस वर्षांत मी किती कुंपणं घातली ह्याची मोजदाद नाही. काही बरोबर होती, काही चुकीची, हे घालतानाच कळायचं. एकदा एका जागेत जाळी ताणत असताना पलीकडून एक बाई रडत होती, आणि मी कामगारांना म्हणालो होतो, "चला रे, हात चालवा." ह्या तीस वर्षांत कोणी मला विचारलं नव्हतं की हे कुंपण व्हावं असं तुला वाटतं का. मी पान घेतलं. ओळीत मांडलं, वर खडा ठेवला. माझ्या दोन्ही कामगारांनीही एकेक मांडलं, आणि त्यातला बिहारचा जो होता त्याने पान ठेवून हात जोडले.

खड्डे पाडायला सगळेच आले. पाड्याचे, वाडीचे. सहा दिवसांत सगळी लांबी उभी राहिली, आणि झिऱ्याजवळचे ढिगारेही सगळ्यांनी मिळून मागे ओढले. जिथे ती पांढरी वाट रस्त्याला मिळायची तिथे मी खांबांची नागमोडी वाट केली, माणूस दोनदा वळून आत जाईल पण बाहेरचं जनावर किंवा मोटरसायकल जाणार नाही अशी. टेपने मोजून, स्वतःच्या अंगाचा अंदाज घेऊन केली, आणि फार खूश झालो. कामगारांना म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात डोकं.

संध्याकाळी मोळ्या घेऊन बाया आल्या. पहिली आत शिरली आणि वळणावर अडकली. मोळीचं एक टोक ह्या खांबाला, दुसरं त्या खांबाला. मागे सरकली, पुन्हा अडकली. मागच्या सगळ्या जणी हसायला लागल्या, मग ती स्वतःही. मी रिकाम्या डोक्याने चालणारा माणूस. दारातून कायम हात हलवत जाणारा. वाट मोजताना मी माझी रुंदी मोजली होती, डोक्यावर आडवं ओझं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वाट रुंद करावी तर डंपर नाही तरी छोटा टेम्पो आत येणार. मी खांबांकडे बघत डोकं खाजवत बसलो.

करवंदीत उतरलेली ती बाई पुढे आली. खांबाशी उभी राहिली आणि आपल्या छातीच्या खाली, कोपराच्या उंचीला, खांबावर हाताची कड ठेवून दाखवली. एवढा.

दोन क्षण मला कळलं नाही. मग कळलं आणि तोंडात बोट घालायचंच काय ते बाकी राहिलं. खांब रुंद करायचे नव्हते, बुटके करायचे होते. अंग खालून वळणं घेत जाईल आणि मोळी वरून, खांबांच्या डोक्यावरून सरळ निघून जाईल. चाकाच्या गाडीला वाट तेवढीच अरुंद राहील. तीस वर्षांच्या धंद्यात मला हे सुचलं नव्हतं. मी स्वतः हॅक्सॉ घेऊन बसलो आणि माझेच उभे केलेले आठ खांब कापले. सगळी मंडळी बघत होती आणि म्हातारी मधूनच म्हणत होती, "हळू काप रे, बोट कापशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी डंपर आला. रस्त्याच्या कडेला थांबला, ड्रायव्हरने काचेतून मान बाहेर काढली, जाळी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "अरे, रास्ता किधर गया?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हारा नहीं रहा. तो शिव्या देत गाडी मागे घेत राहिला.

त्याची गाडी वळत असतानाच डोंगराकडून बाया आल्या. नऊ-दहा जणी, एकामागून एक, डोक्यावर मोळ्या. वळणावर एकीनेही पाय थांबवला नाही. अंगं खांबांमधून डावी-उजवीकडे होत गेली आणि मोळ्या वरून सरळ तरंगत गेल्या, कुठे न लागता. पाड्याची माणसं कुंपणापाशीच उरलेली तार गुंडाळत होती. त्यांच्यातल्या कुणी वर मान करून बघितलं नाही, आणि बायांपैकीही कोणी वाट सोडून बाजूला उतरली नाही. मी मात्र हातातली पक्कड तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिलो.

म्हातारी झिऱ्यावरून कळशी घेऊन येत होती. माझ्याजवळ थांबली, माझ्याकडे बघितलं, बायांकडे बघितलं.

"काय बघतोस येवढा?" ती म्हणाली. "रोजच्याच हायेत त्या."